न पाहिलेल्या पित्याची आठवण

ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीस मुक्काम करते आणि पिंपरीवरून पुण्याकडे वळते. तेव्हां आम्ही रहाटणीकर मंडळी हमरस्त्याच्या कडेस दर्शनासाठीं उभी राहतों. त्या गर्दींत 'ज्ञानोबा-तुकाराम' हा घोष ऐकतांना, हा सोहळा कोणीं सुरू केला, हा प्रश्न आमच्याही मनांत पुष्कळ वर्षें आला नव्हता. तो सुरू केला एका अशा मुलानें, कीं ज्यानें आपल्या बापाचें मुख एकदांही पाहिलें नव्हतें.

शके 1571 च्या फाल्गुनांत (इ. स. 1650) तुकोबांनीं इहलोक सोडला, त्या वेळीं जिजाबाई गरोदर होत्या. मागाहून जन्मलेला तो मुलगा म्हणजे नारायण. महादेव व विठोबा या वडील बंधूंस बापाचा आवाज आठवत असेल. नारायणाच्या वांट्यास आल्या त्या केवळ ऐकींव गोष्टी, बापाचे अभंग आणि गांवाभोंवतालचे डोंगर.

त्या गोष्टी तरी कोणत्या? घर वाण्याचें, महाजनकीचें. तुकोबांच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. वडील भाऊ सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर तीर्थयात्रेस निघून गेले. त्यावर 1630-32 चा भीषण दुष्काळ आला. व्यापार बुडाला, पत गेली, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावांचून मेली, मुलगा संतूही गेला. यांतील पुष्कळ दुःख तुकोबांनीं आपल्या अभंगांत स्वतःच नोंदून ठेवलें आहे. माणसांत राहवेना, तेव्हां ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन पंधरा दिवस बसले. पुढें भंडारा ही त्यांची नेहमींची जागा झाली. तेथील झाडें, वेली आणि पांखरें यांनाच त्यांनीं आपले सगेसोयरे मानलें. भामनाथाहून परतल्यावर त्यांनीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं. धाकट्या कान्होबाचा अर्धा वांटा मात्र आधीं त्याच्या हवालीं केला. तुकोबांस व्यवहारशून्य म्हणणारांनीं हा हिशेब अवश्य ध्यानांत घ्यावा.

परंतु डोंगरावरील त्या शांतीची किंमत घरांत कोण देत होतें? महिपतींनीं 1774 सालीं 'भक्तलीलामृत' रचलें. तेव्हांपासून आजच्या कीर्तनापर्यंत जिजाबाईंचा कजागपणा चवीनें सांगितला जातो. पण परंपरा असेंही सांगते कीं, पति जेवल्यावांचून त्या अन्नाला शिवत नसत, आणि भाकरी घेऊन भर उन्हांत भंडारा चढत. त्रासलेल्या पुरुषाला झाडांनीं विसांवा दिला हें खरें; पण त्या झाडांपर्यंत भाकरी पोंचविणारें एक माणूस होतें, हेंही तितकेंच खरें. नारायणाच्या कानीं दोन्ही गोष्टी आल्या असल्या पाहिजेत: बाप कसा निवला ती, आणि आई कशी दमली तीही.

पस्तिशीच्या उंबरठ्यावर, इ. स. 1685 मध्यें, नारायणबोवांनीं तुकोबांच्या पादुका पालखींत ठेविल्या, आळंदीस ज्ञानदेवांच्या पादुका त्यांच्या शेजारीं घेतल्या, आणि पंढरीची वाट धरली. वारी जुनीच, या घराण्यांत ती विश्वंभरबोवांपासून चालत आलेली होती. पालखी मात्र नवी. एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकरांनीं ज्ञानदेवांची पालखी वेगळी केली, तरी तो जोडघोष टिकला.

बापाच्या एकांताची आठवण जपूं पाहणारा मुलगा भंडाऱ्यावरच बसून राहिला असता, तर कोणास नवल वाटलें नसतें. नारायणबोवांनीं मात्र जो बाप माणसांपासून दूर डोंगरावर गेला, त्याच्या पादुका माणसांत आणल्या. आणि तीं माणसें पावसांत, माळावरून, शेतांच्या कडेनें चालूं लागलीं. एकट्या भंडाऱ्यावर जो विसांवा होता, तो पंढरीच्या साऱ्या वाटेवर पसरला. त्यांच्या मनांत हेंच होतें असा आमचा दावा नाहीं; त्यांच्या कृतीचा अर्थ आम्हांस असा लागतो, इतकेंच.

आज चाकणचे कारखाने भामनाथाच्या परिसरांत येऊन ठेपले आहेत, आणि आळंदीस इंद्रायणीच्या पाण्यावर फेंस दिसतो. ज्या मुलानें बापास पाहिलें नाहीं, त्यानें त्याच्या पादुका आपल्यापर्यंत पोंचविल्या. ज्या डोंगरांनीं आणि पाण्यानें त्या बापाला सांवरलें, तीं पुढच्यांपर्यंत पोंचविण्याचें काम रस्त्याकडेला हात जोडून उभ्या असलेल्या आम्हां मंडळींकडे आलें आहे.