कॅमेऱ्यातले मालेगाव

नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे नाव बातम्यांत आले की ‘संवेदनशील’ हे विशेषण हटकून त्याला चिकटते, आणि गिरणा-मोसम नद्यांकाठच्या या शहरातील रहिवाशांचा वृत्तवाहिन्यांवरचा राग मुख्यतः या सवयीवर आहे. ही सवय वाहिन्यांनीच लावली, असे मात्र म्हणता येणार नाही. येथील भुईकोट किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तो अरब शिबंदीशी, म्हणजे पगारी सैनिकांशी, झुंजून व बरीच माणसे गमावून. पुढे खिलाफत चळवळीच्या काळात, एप्रिल १९२१ मध्ये, उसळलेल्या दंगलीत एक पोलीस अधिकारी मारला गेला आणि खटल्यात काहींना फाशी झाली. सरकारी दप्तरात हे गाव बंदोबस्ताचा विषय म्हणून नोंदले गेले ते असे, आणि वाहिन्यांनी ती नोंद फारशी न तपासता उचलली.

या दप्तराबाहेरचा इतिहास कापडाचा आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग लावले, विसाव्या शतकात त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रमागांनी घेतली, आणि ताणा व बाणा, म्हणजे कापडातील उभे व आडवे धागे, यांच्या हिशेबावर शहराचा दिवस चालू लागला. सुताचा भाव चढला किंवा विजेचा दर वाढला की माग थांबतात, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळत असल्याने त्याची झळ कामगाराच्या घराला त्याच आठवड्यात बसते. परंतु बंद पडलेल्या मागात दाखवण्यासारखे काही घडत नाही, ही वाहिन्यांची खरी अडचण असावी.

दाखवण्यासारखे घडले ते माग सुटीवर असताना; मागांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. ८ सप्टेंबर २००६ चे येथील बॉम्बस्फोट शुक्रवारीच, शब-ए-बारातच्या दिवशी, झाले आणि त्यांत तीसहून अधिक माणसे मेली. २००७-०८ मध्ये ‘झी २४ तास’, ‘स्टार माझा’ व ‘आयबीएन लोकमत’ या चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या सुरू झाल्या, त्यामुळे २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्कू चौकातील स्फोटाच्या वेळी दिवसरात्र भरून काढायचा पडदा आयताच तयार होता. पहिल्या प्रकरणात अटक झालेले नऊ मुस्लिम पुरुष २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. पण अटकेच्या बातमीने शहरावर उमटलेला शिक्का या निकालाने पुसला गेला नाही, हे गाऱ्हाणे तेथे आजही ऐकू येते आणि ते रास्त आहे.

स्वतःची चित्रे स्वतः काढण्याचा उद्योग मात्र शहराने वाहिन्यांच्या आधीच आरंभला होता. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी गावातलीच माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन रचले, आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, तेव्हा बाहेरच्यांना या उद्योगाचे कौतुक वाटले, काहीसे नवलाईचेच. त्या चित्रपटाचा नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार होता. पडद्यावर तो झुंजतो ते तंबाखूच्या व्यसनाशी, म्हणजे ज्या प्रश्नासाठी एकाही वाहिनीची गाडी सहसा मालेगावकडे वळत नाही, त्याच्याशी.