मानसशास्त्र प्रयोगशाळेबाहेर : म्हैसूर, १९२४ ते १९६०



माणूस असा का वागतो, याचा विचार आपल्याकडे म्हणी, कीर्तने आणि पारावरच्या गप्पा यांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या विचाराला भारतीय विद्यापीठांत स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले. त्याबरोबर काही नवे प्रश्न उभे राहिले. प्रयोगशाळेत तयार होणारे हे ज्ञान ज्यांच्याविषयी आहे, त्या सामान्य माणसांपर्यंत ते कोणत्या मार्गाने जाणार? त्यातून नफा होणार नसेल, तर खर्च कोण करणार? आणि खर्च करणारा काय बोलू देईल, काय नाही? प्रस्तुत पाठात आपण म्हैसूरच्या उदाहरणावरून हे प्रश्न तपासणार आहोत. त्यानंतर त्याच काळात मुंबईत निघणाऱ्या एका मराठी मासिकाशी त्याची तुलना करू.

१. विभागाची स्थापना

म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली, नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत स्थापन झाले. संस्थानी मुलखात निघालेले हे पहिले विद्यापीठ. ब्रिटिश अमलाखालच्या विद्यापीठांपेक्षा त्याची स्थिती थोडी वेगळी होती. संस्थानचा पाठिंबा होता आणि प्रजेला शिक्षण देणे ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, ही भावनाही होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथालये उभारली आणि ग्रंथमाला काढल्या, हे तुम्हांला ठाऊक असेल. म्हैसूर त्याच वाटेवर होते.

१९२०च्या दशकात तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील येथे कुलगुरू होते. प्रायोगिक मानसशास्त्राविषयीची त्यांची आस्था जुनी होती. कलकत्ता विद्यापीठासाठी या विषयाचा पहिला अभ्यासक्रम त्यांनीच आखला होता. कलकत्त्यात १९१६ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ साली म्हैसूरने स्वतःचा विभाग काढला. त्याची धुरा एम. व्ही. गोपालस्वामी यांच्याकडे आली. लंडनमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले होते. बुद्धीचे मापन कसे करावे, हा स्पिअरमन यांचा प्रमुख विषय. गोपालस्वामींनी महाराजा कॉलेजात प्रयोगशाळा उभी केली आणि बुद्धिमापनाच्या परदेशी चाचण्या भारतीय मुलांसाठी बदलून घेण्याचे काम हाती घेतले.

हे बदल का करावे लागले, याचा विचार करा. लंडनच्या मुलाला परिचित असलेले चित्र म्हैसूरच्या मुलाने कधी पाहिलेलेच नसेल, तर चाचणीत त्याची बुद्धी मोजली जाणार नाही, अपरिचय मोजला जाईल. म्हणजे भाषा आणि परिसर यांचा प्रश्न प्रयोगशाळेच्या आतच सुरू झाला होता. लोकांपर्यंत जाताना तो आणखी मोठा होणार होता.

२. घरातले ‘आकाशवाणी’ केंद्र

१० सप्टेंबर १९३५ रोजी गोपालस्वामींनी म्हैसुरातील आपल्या राहत्या घरी एक छोटे रेडिओ केंद्र सुरू केले. प्रक्षेपकाची शक्ती सुरुवातीला अवघी ३० वॉट होती. पुढे २५० वॉटचा प्रक्षेपक आला. या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. पुराणकथांतून हा शब्द श्रोत्यांच्या कानी आधीच होता, त्यामुळे वेगळा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. केंद्रावरून संगीत, भाषणे आणि साहित्य प्रसारित होई. खर्चाचा मोठा भार आरंभी प्राध्यापकांनी स्वतः उचलला.

काळाचा संदर्भ लक्षात घ्या. जुलै १९२७ मध्ये मुंबईत ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ने प्रसारण सुरू केले होते. ती खाजगी व्यापारी कंपनी होती. रेडिओसंच घेणारे थोडे, त्यामुळे परवान्यांचे उत्पन्न तुटपुंजे. तीन वर्षांच्या आत, १९३० साली, तिने गाशा गुंडाळला आणि सरकारला प्रसारण आपल्या हाती घ्यावे लागले. सरकारी सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले जून १९३६ मध्ये. म्हणजे म्हैसूरचे केंद्र त्याआधी सुमारे नऊ महिने चालू झाले होते. व्यापाराच्या हिशेबाने जे तोट्यात गेले, ते एका शिक्षकाने नफ्याची अपेक्षा न ठेवता सुरू केले.

येथे एक सावधगिरी बाळगा. केंद्र मानसशास्त्रज्ञाने काढले, एवढ्यावरून ते मानसशास्त्राच्या प्रचारासाठी काढले असे म्हणता येत नाही. इतके मात्र म्हणता येते की आपल्या विषयाची हद्द वर्गाच्या भिंतीपाशी संपते, असे या प्राध्यापकाने मानले नाही.

१९४०च्या दशकाच्या आरंभी हे केंद्र म्हैसूर संस्थानच्या सरकारकडे गेले. १९५० साली ते ‘ऑल इंडिया रेडिओ’त विलीन झाले. १९५५ साली बंगळूरचे केंद्र सुरू झाले आणि म्हैसूरचा कारभार तिकडे हलला. पुढे ‘आकाशवाणी’ हे नाव साऱ्या देशाच्या सरकारी रेडिओला मिळाले. नाव घरोघर पोचले, पण ते कोणाच्या घरातून निघाले हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

३. प्रसारांग

म्हैसूरचा दुसरा मार्ग छापील पुस्तकाचा. प्राध्यापकांनी गावोगाव जाऊन कन्नडमध्ये व्याख्याने द्यायची आणि ती छोट्या, स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने छापायची, अशी प्रथा विद्यापीठाने पाडली. कवी कुवेंपू १९५६ ते १९६० या काळात कुलगुरू होते. विद्यापीठाची तीन अंगे त्यांनी मानली : अध्ययनांग, संशोधनांग आणि प्रसारांग. तिसरे अंग पहिल्या दोहोंइतकेच आवश्यक, हा त्यांचा आग्रह. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाचे नाव आजही ‘प्रसारांग’ आहे. नव्या परिसराला त्यांनी ‘मानसगंगोत्री’ म्हटले. उगमाचे पाणी खाली वाहत गेले तरच त्याची नदी होते, हे त्या नावातच आहे.

४. तुलना : ‘समाजस्वास्थ्य’

आता मुंबईकडे वळू. रेडिओ कंपनी सुरू झाली त्याच महिन्यात, जुलै १९२७ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. ते गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना १९२५ साली नोकरी सोडावी लागली होती. मासिकाचा विषय माणसाची कामप्रवृत्ती, म्हणजे मानवी स्वभावाचा तो भाग ज्याविषयी कोणी उघड बोलत नसे. वाचक प्रश्न पाठवीत आणि कर्वे सरळ मराठीत उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी मासिक चालू ठेवले. पत्नी मालतीबाईंची साथ होती, पण पाठीशी संस्था नव्हती. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे वारले आणि त्यांच्यामागे मासिक टिकले नाही.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. दोघेही प्राध्यापक, दोघांनीही पदरमोड केली, दोघांनीही लोकांची भाषा निवडली. गोपालस्वामींचे काम संस्थेने उचलले, म्हणून ते टिकले, पण ते सरकारी झाले आणि त्याचे स्वरूप सरकारने ठरवले. कर्व्यांचे काम त्यांच्याबरोबर संपले, पण सव्वीस वर्षे त्यात काय छापायचे हे त्यांनीच ठरवले. जे प्रश्न ‘समाजस्वास्थ्य’ने छापले, ते त्या काळी कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापले गेले असते का?

५. निष्कर्ष

मनाविषयीचे ज्ञान लोकांपर्यंत जाण्यासाठी तीन गोष्टी लागतात : लोकांची भाषा, टिकणारी संस्था आणि नफा न मागणारा पैसा. तिन्ही एकत्र आल्या तरी चौथी गोष्ट आपोआप येत नाही. ती म्हणजे अप्रिय गोष्ट सांगण्याची मुभा. आज एखादी धर्मादाय संस्था किंवा लोकशिक्षणासाठी पुस्तके काढणारा प्रकाशक तुम्ही अभ्यासाल, तेव्हा त्याने काय छापले एवढेच पाहू नका. पैसा कुठून आला आणि त्या पैशामुळे काय छापायचे राहिले, हेही विचारा. तुम्ही वाचता आहात ती विनामूल्य पाठमालाही या प्रश्नांतून सुटत नाही.

स्वाध्याय

१. बुद्धिमापनाच्या चाचण्या भारतीय मुलांसाठी बदलण्याची गरज का पडली? स्वतःच्या परिसरातील एक उदाहरण द्या.
२. ‘संस्था काम टिकवते, पण बदलते.’ गोपालस्वामी आणि कर्वे यांच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
३. आपल्या जिल्ह्यातील विनामूल्य किंवा अल्पमोली लोकशिक्षण करणारी एखादी जुनी संस्था, मासिक किंवा व्याख्यानमाला निवडा. तिचा खर्च कोण करी आणि कोणते विषय ती टाळत असे, हे शोधून एक पानाचे टिपण लिहा.