तांबूस की सोनेरी? : ऑक्टोबरफेस्टच्या बिअरची दोन घराणी

सप्टेंबरच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या म्युनिक शहरात थेरेसियनवीझे नावाच्या विस्तीर्ण मैदानावर मोठमोठे मंडप उभे राहतात. ठरलेल्या शनिवारी दुपारी बारा वाजता शहराचा महापौर पहिल्या लाकडी पिंपाला हातोडीने तोटी ठोकतो आणि ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो. पुढच्या सोळा-अठरा दिवसांत साधारण साठ लाख लोक इथे येऊन जातात. एक लिटरच्या जाड काचेच्या मगात त्यांना जी बिअर मिळते, ती लख्ख सोनेरी असते. त्याच दिवसांत अमेरिकेत मिलवॉकी, सिनसिनाटी किंवा बॉस्टनमध्ये 'ऑक्टोबरफेस्ट' असे नाव छापलेली बाटली उघडली, तर ग्लासात बहुधा तांबूस, भाजलेल्या पावाच्या कडेसारख्या चवीची, किंचित गोडसर बिअर उतरते. सण तोच, नाव तेच; रंग आणि चव मात्र वेगळी.

यावर सहज सुचणारे उत्तर असे की, म्युनिकची बिअर अस्सल आणि अमेरिकेतली तिची नक्कल. नक्कल करताना रंग चुकला, एवढेच. पण कागदपत्रे आणि सनावळी समोर ठेवली की हे उत्तर टिकत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरफेस्टमधला माणूस आज परत आला, तर त्याला आपली बिअर म्युनिकच्या मंडपात नव्हे, तर अमेरिकेतल्या दुकानात ओळखू येण्याचा संभव जास्त. हे असे उलटे कसे झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

मार्चची बिअर

बव्हेरियात १५१६ साली ड्यूक चौथा विल्हेल्म याने एक फर्मान काढले. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचे नाही, हा त्यातला गाजलेला नियम. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडसर, सुगंधी फुले. बिअरला कडवटपणा त्यांच्यामुळे येतो आणि ती टिकतेही त्यांच्यामुळेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र १५५३ चा नियम अधिक महत्त्वाचा आहे. त्यानुसार बिअर बनवण्याचा हंगाम २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या सणापर्यंत ठरवण्यात आला. उन्हाळ्यात भट्ट्या बंद. उकाड्यात बिअर नासत असे, आणि कोरड्या दिवसांत चुलाणी पेटती ठेवणे हेही आगीला निमंत्रणच होते.

मग उन्हाळ्यात प्यायचे काय? त्यासाठी हंगामाच्या शेवटी, म्हणजे मार्चमध्ये, जास्त माल्ट आणि जास्त हॉप्स घालून कडक, टिकाऊ बिअर बनवून ठेवत. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेले जव. ही बिअर जमिनीखालच्या तळघरांत साठवली जाई. हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेला बर्फ तिथे भरून ठेवत आणि जमीन तापू नये म्हणून वर दाट सावलीची चेस्टनटची झाडे लावत. त्या झाडांखाली बाके टाकून लोक बसू लागले, त्यातूनच म्युनिकच्या प्रसिद्ध बिअर-बागा जन्मल्या. मार्चमध्ये बनवलेली म्हणून या बिअरला नाव पडले 'मेर्त्सन'. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू होताना जुनी पिंपे रिकामी करणे भाग असे. शरद ऋतू आणि ही बिअर यांची सांगड अशी सोयीतून बसली.

ऑक्टोबरफेस्टचा उगम मात्र बिअरमध्ये नाही. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांचा विवाह झाला. त्यानिमित्त १७ ऑक्टोबरला शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. वधूच्या नावावरूनच त्या कुरणाला थेरेसियनवीझे म्हणू लागले. पुढच्या वर्षी शर्यतीला शेतीप्रदर्शनाची जोड मिळाली. हवा बरी मिळावी म्हणून पुढे सण अलीकडे, सप्टेंबरमध्ये ओढला गेला. त्या सुरुवातीच्या काळात म्युनिककर पीत ती बिअर ना सोनेरी होती, ना तांबूस. ती होती गडद तपकिरी.

पोकळ काठीतले रहस्य

बिअरचा रंग मुख्यतः माल्ट कसा वाळवला यावर ठरतो. लाकडाच्या जाळावर थेट वाळवलेला माल्ट करपट आणि काळपट होई, त्याला धुराचा वासही लागे. इंग्लंडमध्ये मात्र जाळाचा धूर धान्याला लागू न देता नुसत्या गरम हवेवर माल्ट वाळवण्याची रीत पुढारलेली होती. तिथले कारखानदार तापमापक आणि रसातली साखर मोजणारे उपकरण वापरत. बव्हेरियात अजून हाताच्या अंदाजावर काम चाले.

१८३३ साली म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचा वारस गाब्रिएल सेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आन्टोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. यजमानांनी त्यांना मोकळेपणाने कारखाने दाखवले. पाहुण्यांच्या हातात मात्र आतून पोकळ, झडप बसवलेली काठी होती. ती ते नजर चुकवून हौदात बुडवत आणि आंबत्या रसाचा नमुना खोलीवर नेऊन मोजत. औद्योगिक हेरगिरीच्या इतिहासातले हे मोठे गमतीदार प्रकरण आहे.

परतल्यावर दोघांनी ते तंत्र आपल्या पद्धतीला जोडले. इंग्लंडमधली बिअर उबदार हवेत झटपट आंबे, तर बव्हेरियातली थंडीत, सावकाश आंबून महिनोन्महिने मुरे. या साठवणीवरूनच तिला 'लागर' म्हणतात. १८४१ मध्ये ड्रेहरने व्हिएन्नात तांबूस रंगाची लागर बाजारात आणली. त्याच सुमारास सेडलमायरने म्युनिकमध्ये थोड्या गडद माल्टची मेर्त्सन काढली. लगेच पुढच्या वर्षी, १८४२ मध्ये, बोहेमियातल्या पिल्सन गावी योसेफ ग्रोल याने फिकट सोनेरी लागर बनवली. महाराष्ट्रात 'बिअर' म्हटले की जी थंडगार पिवळी बाटली डोळ्यांसमोर येते, ती दूरच्या नात्याने याच पिल्सनची वंशज.

१८७२ च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये तांबूस बिअर आली. असे सांगतात की, त्या वर्षी उकाड्यामुळे मिखाएल शॉटनहामेल या मंडपवाल्याजवळची नेहमीची बिअर संपली. तेव्हा गाब्रिएलचा भाऊ योसेफ सेडलमायर याने आपल्या ब्रुअरीतली, व्हिएन्नाच्या धर्तीवर बनवलेली कडक मेर्त्सन देऊ केली. उकाड्याची कथा किती खरी हा प्रश्न वेगळा, पण त्या वर्षी ती बिअर तिथे विकली गेली आणि पुढे तीच सणाची बिअर मानली गेली. म्हणजे ज्या बिअरला आज परंपरेचा मानदंड समजतात, ती सण सुरू झाल्यानंतर बासष्ट वर्षांनी आली. तिचे तंत्र इंग्लंडचे, नमुना व्हिएन्नाचा आणि पत्ता म्युनिकचा.

तिच्या नावातला 'मार्च'ही फार दिवस टिकला नाही. कार्ल फॉन लिंडे याने १८७० च्या दशकात श्पाटन ब्रुअरीच्याच आश्रयाने शीतयंत्राचे प्रयोग केले. यंत्राने बारमाही थंडी दिल्यावर मार्चपर्यंत थांबण्याची आणि तळ्यावरचा बर्फ कापण्याची गरजच संपली. कारण गेले, नाव राहिले.

म्युनिकने रंग बदलला

विसाव्या शतकात जर्मनांची आवड फिकट बिअरकडे झुकत गेली. श्पाटनने १८९४ मध्येच 'हेलेस' ही फिकट बिअर काढली होती. सणातली तांबूस मेर्त्सन मात्र बराच काळ टिकून राहिली. १९७० च्या दशकात पाउलानर ब्रुअरीने एक साधा, व्यापारी हिशेब मांडला. तांबूस बिअर चविष्ट खरी, पण पोट भरते. लिटरभराचा एक मग संपवून माणूस दुसरा मागवायला कचरतो. म्हणून आल्कोहोल सुमारे सहा टक्केच ठेवून माल्टचा जडपणा कमी केला गेला आणि सोनेरी 'फेस्टबिअर' तयार झाली. हळूहळू इतरही त्याच वाटेने गेले. १९९० च्या सुमारापासून मंडपांत मिळते ती जवळजवळ सगळी सोनेरीच.

या सोनेरी बिअरभोवती आज कायद्याचे भक्कम कुंपण आहे. आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटन या म्युनिक शहरातल्या सहाच ब्रुअरींची बिअर त्या मैदानावर विकता येते. २०२२ मध्ये युरोपीय संघाने 'ऑक्टोबरफेस्टबिअर' या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षणही दिले. म्युनिकपासून काही मैलांवर असलेल्या आयिंग गावची आयिंगर ब्रुअरी आजही उत्तम तांबूस मेर्त्सन बनवते, पण ती शहराबाहेरची, म्हणून तिला त्या मैदानावर जागा नाही. जुनी चव मांडवाबाहेर आणि नवी चव मांडवात, असा हा प्रकार.

अमेरिकेतले घराणे

आता अमेरिकेकडे वळू. १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मन लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुइस या शहरांत त्यांनी लागर रुजवली. मग अमेरिकेतली तांबूस बिअर म्हणजे या लोकांनी जपलेला वारसा, असे म्हणायचे का? परदेशी गेलेली माणसे घरच्यांपेक्षा जुन्या चालीरीती घट्ट धरून ठेवतात, हा अनुभव सर्वत्र आहे. इथे मात्र तो लागू पडत नाही.

कारण मधली साखळी तुटली होती. अमेरिकेतल्या जवात प्रथिने जास्त. नुसत्या त्या जवाची फिकट बिअर गढूळ होई, म्हणून ब्रुअरांनी त्यात मका आणि तांदूळ मिसळायला सुरुवात केली. १५१६ च्या फर्मानात हे बसले नसते, पण बिअर स्वच्छ, हलकी आणि खपाऊ झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव असणे हाच गुन्हा ठरू लागला. पाठोपाठ जानेवारी १९२० मध्ये देशव्यापी दारूबंदी आली, ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली. तोवर बहुतेक छोट्या ब्रुअरी बुडाल्या होत्या. १८७३ मध्ये अमेरिकेत चार हजारांवर ब्रुअरी होत्या. १९७० च्या दशकाअखेर त्या शंभराच्या आत आल्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच प्रकारची फिकट बिअर बनवत.

पुनरुज्जीवन झाले ते वेगळ्याच वाटेने. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवण्याला संघराज्य पातळीवर मुभा मिळाली. हौशी लोकांनी परसदारी आणि तळघरांत हंडे मांडले. शिकवायला घरातले कोणी नव्हते. समोर होत्या त्या म्युनिकहून आलेल्या निर्यातीच्या बाटल्या आणि पुस्तके. १९७७ मध्ये इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन यांचे जगभरच्या बिअरची प्रकारवारी मांडणारे पुस्तक आले होते. पुढे स्पर्धा सुरू झाल्या, परीक्षकांसाठी नियमावल्या लिहिल्या गेल्या. 'ऑक्टोबरफेस्ट म्हणजे तांबूस, माल्टप्रधान, कडवटपणा बेताचा' ही व्याख्या कागदावर पक्की झाली, नेमकी त्याच वर्षांत जेव्हा म्युनिकमध्ये ती बिअर मागे पडत होती. १९८४ मध्ये बॉस्टन बिअर कंपनी काढणाऱ्या जिम कुक यांनी १९८९ पासून 'सॅम्युअल ॲडम्स'च्या नावाने तांबूस ऑक्टोबरफेस्ट विकायला घेतली आणि ही चव देशभर पोचली.

म्हणजे अमेरिकेने परंपरा जपली नाही; तिने परंपरेचा एक जुना फोटो मिळवला आणि त्यावरून माणूस घडवला. फोटोवरून घडवताना जे सुटते, ते इथेही सुटले. बव्हेरियन पद्धतीत भिजवलेल्या माल्टचा काही भाग काढून उकळायचा आणि परत मूळ हंड्यात ओतायचा, असे दोन-तीनदा करत. त्यातून येणारी खरपूस चव रेंगाळते, पण गोड होत नाही. यात वेळ आणि इंधन फार जाते. अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या ब्रुअरींची भांडी इंग्रजी धर्तीची, एकदाच भिजवून रस काढण्याच्या सोयीची. रंग आणि भरीवपणा आणायला त्यांनी कॅरमल माल्ट घातला. म्हणून त्यांच्या बिअरमध्ये जळक्या साखरेची गोडी येते. जर्मन मेर्त्सनमध्ये ती दोष मानली जाते. काहींनी हॉप्सचा हातही सैल सोडला.

यात एक व्यापारी गंमत आहे. अमेरिकन गिऱ्हाईक ऑक्टोबरफेस्टला तांबूसच समजते, हे ओळखून म्युनिकच्या ब्रुअरीही तिकडे तांबूस बिअर पाठवत राहिल्या. श्पाटन आणि पाउलानर यांच्या निर्यातीच्या बाटल्या पाहिल्या की हे लक्षात येते. एकच कंपनी घरच्या मंडपात सोनेरी आणि परदेशी दुकानात तांबूस ओतते, आणि दोन्हीकडे परंपरेचीच ग्वाही देते.

अस्सल कोणती?

अलीकडे दोन्ही घराणी पुन्हा जवळ येत आहेत. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीने २०१५ पासून काही वर्षे दरवर्षी एका जर्मन ब्रुअरीबरोबर मिळून ऑक्टोबरफेस्ट बनवली. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या नियमावलीने २०१५ मध्ये मेर्त्सन आणि फेस्टबिअर असे दोन स्वतंत्र वर्ग केले. आता तिकडेही सोनेरी फेस्टबिअर बनू लागली आहे आणि 'हीच खरी' असे सांगणारेही निघाले आहेत.

१८१० ची गडद तपकिरी, १८७२ ची तांबूस आणि आजची सोनेरी, या तिन्ही बिअर म्युनिकच्याच. प्रत्येक बदलामागे भट्टी, बर्फ, यंत्र किंवा गल्ल्याचा हिशेब असे रोकडे कारण होते. तेव्हा रंगावरून अस्सलपणाचा निवाडा होत नाही. प्रश्न आहे तो नावावरच्या हक्काचा. म्युनिक म्हणते, सण आमच्या मैदानावर अखंड चालू आहे. तिथे आज जे ओतले जाते ते ऑक्टोबरफेस्टचे. अमेरिकन ब्रुअर म्हणतो, तुम्ही सोडून दिलेली बिअर आम्ही बनवतो. पहिल्याकडे सातत्य आहे, पण जुनी चव नाही. दुसऱ्याकडे जुन्या चवीची आठवण आहे, पण सातत्य नाही. कायद्याने नाव पहिल्याला दिले आहे. पण जो तांबूस रंग जगाला अजून ऑक्टोबरफेस्टची खूण वाटतो, त्याला मोठा बाजार उरला तो दुसऱ्याच्या हट्टामुळे, हेही इतिहासात नोंदवायला हवे.