महाधूमकेतू, १८८२ : पहाटेची छायाचित्रे

सप्टेंबर १८८२ मध्ये सूर्याला जवळजवळ घासून गेलेला धूमकेतू (सी/१८८२ आर१). १७ सप्टेंबरला तो सूर्यपृष्ठापासून सुमारे साडेचार लाख किमी. अंतरावर होता आणि भर दिवसा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. ऑक्टोबरात तो सूर्योदयापूर्वीच्या आकाशात दिसत होता. धूमकेतूंची छायाचित्रे याआधीही निघाली होती (डोनाती, १८५८, टेबट, १८८१), पण खगोलशास्त्राला वळण लावले ते याच्या छायाचित्रांनी.

दक्षिण आफ्रिकेतील काही छायाचित्रकारांनी साध्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे केप येथील शाही वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्या पाहण्यात आली. वेधशाळेकडे तसे साधन नव्हते. मोब्रे येथील छायाचित्रकार ॲलिस यांना गिल यांनी बोलावून घेतले आणि अडीच इंच व्यासाच्या रॉस भिंगाचा त्यांचा कॅमेरा विषुववृत्तीय दूरदर्शीच्या बैठकीवर पक्का केला. एक्सपोजर अर्ध्या तासापासून दोन तासांहून अधिक वेळापर्यंत दिले गेले. कोलोडियनची ओली काच काही मिनिटांतच वाळून निकामी होत असल्याने हे पूर्वी अशक्य होते. जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे ते साधले.

खरी कसोटी डोळ्यांची होती. बैठकीचे घड्याळयंत्र ताऱ्यांच्या गतीने फिरते, धूमकेतू मात्र ताऱ्यांमधून स्वतःच्या चालीने सरकत असतो. म्हणून गिल दूरदर्शीतून पाहत धूमकेतूचे केंद्रक सतत जागेवर धरून ठेवत. त्यामुळे काचेवर धूमकेतू रेखीव उमटला आणि तारे किंचित ओढल्यासारखे आले. उजाडू लागले की काच झाकावीच लागे.

काचा धुतल्यावर पुच्छाच्या आरपारही असंख्य तारे दिसले. धूमकेतूपेक्षा हे तारेच मोलाचे आहेत, हे गिल यांनी ओळखले. ही जाण या प्रकरणातील सर्वांत मोठी गोष्ट होय. १८८५ पासून त्यांनी दक्षिण आकाशाचे पद्धतशीर छायाचित्रण सुरू केले. त्या काचांची मापे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे याकोबुस काप्टाइन यांनी घेतली आणि ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची तयार झाली. १८८७ मध्ये पॅरिसला संपूर्ण आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याची आंतरराष्ट्रीय योजना ठरली, त्यामागेही गिल यांचा आग्रह होता. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पुढे या योजनेतील −१७° ते −२३° क्रांतीचा पट्टा पूर्ण केला.