वावर ते वाटी

भाद्रपदात जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर परसबाग पाहायला गेलो होतो. घरामागे न्हाणीचं पाणी उतरतं तिथे गोल आखलेले सात वाफे, मधोमध शेवगा, कुडाच्या कुंपणावर चढलेला दोडका. संस्थेचा कार्यकर्ता कौतुकानं वाफे मोजून दाखवत होता. मी घरच्या बाईंना विचारलं, काल पोरांनी काय खाल्लं? "नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण." मग ही भेंडी? "ती सकाळीच बाजारात गेली. तेल-मीठ आणायचं होतं. पोराला बिस्किटाचा पुडा आणला की." त्यांच्या सांगण्यात ओशाळेपणा नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं.

शेती आणि बालपोषण यांच्या अभ्यासाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाचं स्वागत मी या भेंडीनंच करतो. वाफ्यापासून चुलीपर्यंत जेमतेम वीस पावलं. भाजी पिकली म्हणजे ती लेकराच्या वाटीत पडलीच, असं धरून कितीतरी योजना आखल्या गेल्या. त्या वीस पावलांत बाजार आहे, तेलाचा भाव आहे, आईचा वेळ आहे आणि घरात शब्द कोणाचा चालतो हेही आहे. या अभ्यासाची खरी जागा तिथेच.

विषय आपल्याला परका नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनं कमी पडतात, त्यासाठी खास प्रथिनयुक्त पदार्थ बनवा, असा जगभर धोशा चालला होता तेव्हा त्यांनी आकडे मांडून वेगळंच दाखवलं. आपलं नेहमीचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनांची गरज बहुधा त्यातूनच भागते, तूट आहे ती मुळात अन्नाचीच. पुढे, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेतं असं सुखात्मे म्हणू लागले, आणि पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून हरकत घेतली: जुळवून घेणं म्हणजे लहान चणीनं आणि कमी ताकदीनं जगणं. या वादात माझा कल गोपालनांकडे आहे. पण सुखात्म्यांचा पहिला प्रश्न, मुलाचं पोट भरतं का, तो मात्र हातचा सोडू नये. सूक्ष्म पोषकांच्या चर्चेत तो फार लवकर मागे पडतो.

संस्थांची वाट वेगळी. मणिभाई देसाई गांधीजींच्या सांगण्यावरून उरुळीकांचनला आले आणि १९६७ साली त्यांनी बाएफ ही संस्था उभी केली. गाईंच्या पैदाशीपासून सुरू झालेलं हे काम १९८२ पासून गुजरातेतल्या वांसद्यात 'वाडी'पर्यंत पोचलं. वाडी म्हणजे आदिवासी कुटुंबाच्या वरकस जमिनीवर आंबा-काजू आणि झाडांच्या ओळींमधून धान्य-भाजी. जव्हारच्या डोंगरांवर आज दिसणारी कलमं त्याच वाटेवरची.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव वाचकांना ठाऊक असेलच. २०२० साली पद्मश्री मिळालेल्या या बाईंना लोक बीजमाता म्हणतात. नातवाचं आजारपण फवारलेल्या भाज्यांमुळे आलं असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या गावठी बियाण्याकडे वळल्या, असं त्या सांगतात. बाएफची साथ पुढे मिळाली; वाल-घेवड्याचे प्रकार, भात, नाचणी यांचं ज्ञान मात्र त्यांचं स्वतःचंच होतं. राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं बी पुढच्या पावसाळ्यात उगवेल की नाही हे त्या हातात घेऊन सांगतात. नवख्या अभ्यासकानं हे ध्यानात ठेवावं. अहवालात 'लाभार्थी' म्हणून नोंदलेली बाई पुष्कळदा त्या कामातली सर्वांत जाणकार व्यक्ती असते. तो शब्द अहवालांतून कायमचा गेला तर मला आनंदच होईल.

आता पुराव्याकडे. इथे नवा वाचक जरा खट्टू होतो, म्हणून आधीच सांगतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१२ साली मॅसेट आणि सहकाऱ्यांनी असल्या उपक्रमांच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला. लोक पिकवू लागतात, खाण्यातही फरक पडतो, पण मुलांच्या वाढीवर परिणाम झाल्याचा भक्कम पुरावा हाती लागत नाही, असा त्याचा सूर होता. ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात १४८ गावसमूहांत झालेला 'उपवन' हा प्रयोग त्याहून काटेकोर. शेतीतल्या बायकांनी आपल्याच बोलीतले चित्रफितींचे कार्यक्रम पाहायचे, परसबाग, कोंबड्या, डाळी यांवर बोलायचं. काही गावांत त्याच्या जोडीला पोषणाच्या बैठका. नुसत्या शेतीच्या चित्रफिती दाखवलेल्या गावांत आणि बैठकांची जोड मिळालेल्या गावांतही मुलांच्या जेवणात पदार्थांची विविधता वाढली. लुकडेपणा मात्र हलला नाही.

यावरून 'परसबागा फोल' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो उतावळेपणा वाटतो. जुलाबांनी महिन्यातून दोनदा गळून जाणाऱ्या पोराला चवळीच्या शेंगांनी वजन चढत नाही, त्यात शेंगांचा काय दोष? पाणी, संडास, आईचं गरोदरपणातलं वजन, दोन बाळंतपणांतलं अंतर, हे सगळं त्याच पोराच्या अंगावर दिसतं. बुर्किना फासोत हेलन केलर संस्थेनं परसबागांना आरोग्याच्या समजुतीची जोड दिली, तेव्हा लहानग्यांमधला रक्तक्षय घटला. उंचीत फरक पडला नाही. म्हणजे काय मोजतो आणि किती दिवसांनी मोजतो यावर उत्तर फिरतं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुजी बालकं २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होती, २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२. लुकडी बालकं दोन्ही वेळा २५.६. एवढा हट्टी आकडा कोण्या एका संस्थेच्या तीन वर्षांच्या प्रकल्पानं वाकेल, ही अपेक्षाच चुकीची.

ऋतूचा हिशेब तर बहुतेक अहवालांतून सुटतो. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात कणगी रिकामी होते, पण रान भरलेलं असतं: टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं. पुढे नागली-भात घरात येतो, आणि दिवाळी झाली की कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पोरं बरोबर जातात. मागे परसबाग वाळते, अंगणवाडीच्या हजेरीत रेघ पडते. पाहणी करणारे बहुधा रस्ते कोरडे झाल्यावर येतात आणि मागे राहिलेल्यांना मोजून जातात.

हत्यारं फार थोडी लागतात. दंडघेराची रंगीत पट्टी: साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबाराच्या आत पिवळी. अंगणवाडी सेविका लाल पट्टीतल्या मुलाला 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित, म्हणतात, पिवळ्यातल्याला 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित, आणि हे शब्द आता आयांच्याही तोंडी बसलेत. दुसरं हत्यार म्हणजे कालच्या दिवसाची उजळणी. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलानं आठपैकी निदान पाच अन्नगटांतलं काही खाल्लं का, हे आईला विचारायचं. आईचं दूधही त्यात एक गट.

प्रश्न सोपा वाटतो, पण विचारायला शिकावं लागतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर फुगतं. सासू ओट्यावर बसली असेल तर अंडं सापडत नाही. त्याच पाड्यावर मी उजळणीचा कागद भरला तेव्हा थोरल्या पोराच्या नावापुढे भाकर आणि कालवण एवढंच होतं. कागद घडी करून उठलो, तर ते पोर ओढ्याकडून आलं, हातात काटकीला टोचून भाजलेला खेकडा, आणि धाकट्या बहिणीला त्याची नांगी फोडून भरवत होतं. आईला विचारलं, हे रोजचं? ती हसली. "ते काय जेवण हाय का?" मी पुन्हा खाली बसलो आणि कागद उघडला.