मुंबई मॅरेथॉन

मुंबईत दरवर्षी, सामान्यतः जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी आंतरराष्ट्रीय लांब पल्ल्याची शर्यत (पहा : मॅरेथॉन शर्यत). पहिली शर्यत २००४ च्या फेब्रुवारीत झाली. दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रमाला जिंकला. कोविडमुळे २०२१ व २०२२ ही वर्षे रिकामी गेली.

४२.१९५ किमी.ची मुख्य शर्यत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून सुटते. इथिओपियाच्या हेली लेमीने २०२३ मध्ये २ तास ७ मि. ३२ से. असा स्पर्धाविक्रम केला. भारतीयांची क्रमवारी स्वतंत्र लागते. तीत साताऱ्याची ललिता बाबर २०१२ ते २०१४ सलग तीनदा महिलांत पहिली आली. पुढे स्टीपलचेसकडे वळून ती रिओत अंतिम फेरीत धावली (पहा : ऑलिंपिक क्रीडासामने).

कल्याण-डोंबिवली, ठाण्याकडच्या धावपटूंसाठी मध्य रेल्वे शर्यतीच्या पहाटे कल्याणहून विशेष लोकल सोडते.