मोटारवाहू जहाजांच्या आपत्ती

कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली मोटार परमुलखात धाडावयाची म्हणजे एके काळी तिचे सुटे भाग करावे लागत. लाकडी पेट्यांत बंद होऊन ते भाग इतर जिनसांबरोबर जहाजाच्या पोटात रचले जात आणि पैलतीरावर पुन्हा जुळविले जात; जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीस जो कारखाना काढला, तो अशा आयात भागांची जोडणी करण्यासाठीच होता. ज्या मोटारी सबंध जात, त्यांना धक्क्यावरच्या यारीने जाळ्यात किंवा दोरखंडात उचलून अधांतरी फिरवीत आत सोडावे लागे, आणि त्या खटाटोपात एखादीचा मडगार्ड चेपे, एखादीची काच तडके. हे नुकसान नेहमीचे असले तरी किरकोळ आणि विखुरलेले असे. बंदरातील कारकुनाने ते दप्तरात नोंदवावे, विमेवाल्याने भरपाई द्यावी आणि प्रकरण निकालात निघावे, इतकीच त्याची व्याप्ती असे.

ही पीडा टाळण्यासाठी जी नवी नौका निर्माण झाली, तिने नुकसानीचे स्वरूपच पालटून टाकले. १९७० साली जपानच्या 'के लाइन' कंपनीचे 'टोयोटा मारू क्रमांक १०' हे केवळ मोटारींसाठी बांधलेले जहाज समुद्रावर आले, आणि मग अशा जहाजांची परंपराच सुरू झाली. जहाजाच्या कुशीतून किंवा पाठीमागून उतार खाली सोडावा, चालकांच्या तुकड्यांनी एकामागून एक मोटार स्वतःच्या चाकांवर आत न्यावी, बारा-तेरा मजल्यांवर त्या खेटून उभ्या कराव्यात आणि पट्ट्यांनी जमिनीशी जखडाव्यात, अशी ही व्यवस्था. यारी गेली आणि ओरखडाही टळला. परंतु मोटारी निर्वेध चालवीत नेता याव्यात म्हणून या जहाजांचे मजले या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे ठेवावे लागतात, आणि सामान्य जहाजांत पाण्याला व आगीला जागोजागी अडविणाऱ्या ज्या आडव्या भिंती असतात, त्यांना तेथे फारसा वाव उरत नाही. मोटारीच्या कातडीला जपण्यासाठी केलेली ही रचनाच हजारो मोटारींना एका वेळी बुडविणारी ठरली, हे या इतिहासातील मला सर्वांत विचारार्ह वाटणारे सत्य आहे. शिरलेले पाणी एका बाजूस धावते, त्याच्या भाराने जहाज आणखी कलते, आणि कललेले जहाज आणखी पाणी घेते.

१४ डिसेंबर २००२ च्या पहाटे दाट धुक्यात 'ट्रायकलर' या नॉर्वेजियन जहाजाची इंग्लिश खाडीत 'करीबा' जहाजाशी टक्कर होऊन ते २,८६२ मोटारींसह आडवे झाले, तेव्हा हेच दिसून आले. त्यावरचे चोवीसही जण वाचले. पाणी तेथे इतके उथळ की दोनच दिवसांनी 'निकोला' हे जहाज आणि नववर्षदिनी 'विकी' हे तेलवाहू जहाज त्या सांगाड्यावर येऊन आदळले. अखेरीस करवतीसारख्या तारेने त्याचे तुकडे कापून ते बाहेर काढण्यात आले.

तथापि 'कूगर एस'ची हकीकत याहून निराळी आहे. जुलै २००६ मध्ये जपानहून उत्तर अमेरिकेकडे निघालेल्या या जहाजावर माझ्दा कंपनीच्या ४,७०३ नव्या मोटारी होत्या. परक्या किनाऱ्याचे जीवजंतू दुसऱ्या किनाऱ्यास जाऊ नयेत म्हणून तोल सावरण्याकरिता टाक्यांत भरलेले पाणी भर समुद्रात बदलण्याचा दंडक आहे. अल्यूशन बेटांच्या दक्षिणेस तो पाळीत असता तोल ढळला आणि जहाज सुमारे साठ अंशांनी कलंडले. तेवीस खलाशांना हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आले. पुढे जहाज सावरण्यास आलेल्यांपैकी एक नौकातज्ज्ञ उभ्या कड्यासारख्या झालेल्या डेकवरून कोसळून मृत्यू पावला. जहाज मात्र बुडाले नाही. ते सरळ करून ओढीत पोर्टलंड बंदरात आणले गेले, आणि पाहतात तो बहुसंख्य मोटारी पट्ट्यांनी जखडलेल्या, जागच्या जागी, दिसावयास निर्दोष!

त्या विकाव्यात की काय? आठवडेच्या आठवडे तिरप्या लटकलेल्या यंत्रात तेल कोठे झिरपले असेल, बॅटरीतील आम्लाने काय खाल्ले असेल, याची हमी कोणी द्यावी? कंपनीने एकही मोटार न विकण्याचे ठरविले. मग ज्या कौशल्याने त्या जुळविल्या होत्या, तितक्याच पद्धतशीरपणे त्या मोडण्याची तजवीज झाली: हवेच्या सुरक्षापिशव्या एकेक करून उडविल्या, द्रव पदार्थ काढून घेतले, टायर चिरले, चाके कापली, म्हणजे कोणताही भाग चोरवाटेने बाजारात दाखल होऊ नये. एक किलोमीटरही रस्ता न पाहिलेल्या या यंत्रांचा असा शेवट पाहून मन हळहळते. तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण नवी मोटार घेणारा केवळ लोखंड घेत नसून, त्या लोखंडाला अद्याप काही भोगावे लागलेले नाही हा विश्वास विकत घेतो.

अशी हानी कोणी सोसावी, याबाबत जुन्या सागरी व्यवहारात एक शहाणा रिवाज होता. वादळात जहाज हलके करण्यासाठी कोणाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ती तूट सर्व मालधन्यांनी मिळून भरून द्यावी, असे ऱ्होड्स बेटाच्या नावे चालत आलेला आणि रोमन सम्राट जस्टिनियनच्या संहितेत समाविष्ट झालेला कायदा सांगतो. हा वाटणीचा न्याय आजही चालतो. पण बंद मजल्यांत जखडलेल्या मोटारी वादळात फेकणार कशा? तेथे काही गमावून बाकीचे वाचविण्याची वाटच खुंटली आहे.

याची प्रचीती पुढेही येत राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील ब्रन्सविक बंदराबाहेर सुमारे ४,२०० वाहनांसह 'गोल्डन रे' उलटले, ते टाक्यांतील पाण्याचे आकडे चुकीचे मांडल्याने. जलरोधक दारे उघडी राहिल्याने पाणी आत शिरले. २०२२ मध्ये अझोर्स बेटांजवळ पेटलेले 'फेलिसिटी एस' जवळजवळ ४,००० मोटारी घेऊन तळास गेले.

जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्यानजीक 'फ्रीमँटल हायवे' पेटले, तेव्हा मात्र ही गोष्ट आपल्या उंबरठ्याशी आली. त्यावर ३,७८३ मोटारी होत्या आणि काम करणाऱ्यांत भारतीय खलाशी होते. ज्वाळांनी वाट रोखल्यावर काहींनी उंच डेकवरून थेट समुद्रात उड्या घेतल्या. एका भारतीय खलाशाचा अंत झाला. आपल्याकडे चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन मोटारीही मुंबई बंदरातून मेक्सिकोस गेल्या त्या अशाच मजल्यांवरून. मोटारींच्या किमतीचा हिशेब विमेवाले चोख ठेवतात. त्यांच्यासोबत जाणाऱ्या माणसाला आग लागताच गाठता येईल अशी वाट प्रत्येक मजल्यावर मोकळी ठेवणे, हे काम जहाजे बांधणाऱ्यांचे आहे, आणि त्यापायी दोन रांगा मोटारी कमी बसल्या तरी चालेल.